मोठ्या आईच्या पुस्तिकेबद्दल

पुणे,
२ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

मोठ्या आईला जाऊन वर्ष होईल तेव्हाच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, वाटायच्या तुझ्या पुस्तिकेची पानं दोनदा वाचली. 'ती फार भाविक होती' हे वाक्य चार ठिकाणी आलंय. खरंच आहे ते, पण त्यातून तुझी पणजी डोळ्यांपुढे उभी राहत नाही. तिनं कधी काय खाल्लं, किती वाजता उठली, कोणत्या वारी काय म्हटलं, हे लिहिलंस की 'भाविक' हा शब्द एकदाही लागणार नाही. आज सर्व मृतांचा दिवस आहे, तेव्हा हे पत्र आजच लिहायला घेतलं.

आधी गुरुवारची गोष्ट, कारण ती तातडीनं बदलायला हवी. तू लिहिलंयस की शेवटच्या काही वर्षांत तिचा वारांचा गोंधळ व्हायचा, गुरुवारी ती जपमाळेतली आनंदाची रहस्ये (येशू आणि मरियेच्या आयुष्यातले, माळ म्हणताना मनात आणायचे प्रसंग) म्हणायची. तिचा गोंधळ होत नव्हता. आता गुरुवारी म्हणतात ती प्रकाशाची रहस्ये जपमाळेत आली ऑक्टोबर २००२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पत्रानं. त्याआधी सोमवार-गुरुवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची आणि बुधवार, शनिवार, रविवार गौरवाची, असा क्रम होता. तिचा जन्म १९२७चा. म्हणजे नवा क्रम आला तेव्हा ती पंचाहत्तरीची होती आणि जुना क्रम तिच्या जिभेवर साठ-पासष्ट वर्षं बसलेला होता. नवी रहस्ये म्हणायची सक्तीही नव्हती. ते वाक्य काढ आणि हे लिही.

उपाशी मिस्सेला जाण्याचंही तसंच. 'मिस्सेला जाण्याआधी पाण्याचा घोटही घ्यायची नाही, हट्टीच होती' असं तू म्हणतोस. ती लहान असताना नियमच तसा होता: ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचा असेल तर मध्यरात्रीपासून अन्न नाही, पाणीही नाही. १९५३ साली पाणी चालू लागलं, १९५७ला उपवास तीन तासांवर आला, १९६४च्या नोव्हेंबरात एका तासावर. आता म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना तेवढाही पाळावा लागत नाही. पण वयाच्या पंचविशीपर्यंत कोरड्या घशानं चर्चला गेलेल्या बाईला पुढची सूट सोयीची वाटली नसावी. पहाटे उठायची सवयही यातूनच आलेली. संध्याकाळची मिस्सा रूढ झाली तीसुद्धा १९५३ नंतर. तोवर उपाशी माणसांसाठी मिस्सा सकाळी, होईल तितक्या लवकर. नाना पेठेतल्या तुमच्या घरातून पहाटे अंधारात क्वार्टर गेटच्या सिटी चर्चकडे निघणाऱ्या बायका का दिसायच्या, याचं हे अगदी साधं कारण. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभं राहिलेलं चर्च ते. पुस्तिकेत त्याला एक ओळ दे, जास्त नको. पुस्तिका तिची आहे.

मिस्सा चालू असताना ती माळ ओढायची, हे तुम्हा नातवंडा-पतवंडांना खटकायचं ना? तिची जवळजवळ चाळीस वर्षं लॅटिन मिस्सेत गेली. फादर वेदीकडे तोंड करून, शब्द कानावर पडले तर पडले. बाकांवरच्या लोकांनी त्या वेळात जपमाळ म्हणायची, हीच रीत. मराठी मिस्सा आली साठच्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेनंतर. डोक्यावरच्या पदराचंही एक लक्षात ठेव. चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकायचं हा जुन्या धर्मविधीसंहितेचा, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाचा, नियम होता, १९८३च्या संहितेत तो राहिला नाही. पण तिच्या गावात मोठ्या माणसांसमोर पदर घेतच असत. त्यातलं कोणतं कारण किती, हे आता सांगता येणार नाही, दोन्ही लिही.

आता माळेविषयी. तू म्हणालास, तुटलीय म्हणून सोनाराकडे देतो. आधी मणी मोज. पूर्ण माळेत ५९ असतात: ६ मोठे, ५३ लहान. कमी भरले तर तिच्या उशीच्या अभ्र्यात, प्रार्थनापुस्तकाच्या पिशवीत आणि चश्म्याच्या डबीत बघ. अशा माळा बहुधा एकाच ठिकाणी तुटतात, क्रुसाच्या वरच्या दोन-तीन कड्यांत, कारण अंगठ्याचा ओढा तिथंच येतो. तारेचं टोक नुसतं वळवलेलं असतं, गुंडाळलेलं नसतं, म्हणून कडी हळूहळू उघडते. पाऊण मिलिमीटरची तार आणि गोल तोंडाची पक्कड असेल तर घरीच होईल. तेवढीच कडी बदलायला सांग. पॉलिश करू देऊ नकोस. मधल्या पदकावरचा मरियेचा चेहरा झिजून सपाट झालाय तो तसाच राहू दे, आणि पुस्तिकेत छापायचा तर त्याचाच फोटो छाप. आशीर्वाद दिलेली माळ दुरुस्त केल्यानं तिचा आशीर्वाद जाईल, अशी काळजी मावशीला असेल तर तसं होत नाही, हे तिला सांग.

आकडा हवा असेल तर असा काढ: दिवसाला एक माळ म्हणजे लहान मण्यांवर म्हणायच्या ५३ 'नमो मरिया' प्रार्थना, वर्षाला १९,३४५. ऐंशी वर्षांचे साडेपंधरा लाखांच्या आसपास होतात. ऑक्टोबरात ती दोनदा म्हणायची, आजारपणात कधी अर्धीच, म्हणून नेमका आकडा छापू नकोस, 'पंधरा लाखांच्या वर' पुरे.

प्रार्थनापुस्तक उघडण्याआधी मोबाईलवर एकेका पानाचे फोटो घे. पानांमध्ये ठेवलेली संतांची आणि आठवणीची कार्डं काढून घाईनं चळत लावलीस तर अर्धी माहिती गेली, कारण कोणतं कार्ड कोणत्या प्रार्थनेपाशी ठेवलंय यालाच अर्थ आहे. लितनीच्या, म्हणजे ओळीओळीनं विनवण्या करायच्या प्रार्थनेच्या, पानात मेलेल्या मुलाचं कार्ड असेल तर ती ते पान कुणासाठी उघडत होती, हे कळतं. कार्डांची मागची बाजू बघ. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या तारखा तिथं असतात. पेन्सिल पुसट झाली असेल तर बॅटरीचा उजेड बाजूनं, तिरका धर, दाबाच्या खुणा दिसतात. लॅमिनेशन अजिबात नको, त्या उष्णतेनं जुनी शाई आणि सोनेरी कडा दोन्ही बिघडतात. सेलोटेपही नको. बटर पेपरमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलंस तर पुण्याच्या पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते.

जन्मतारखेसाठी आधार कार्डावर विसंबू नकोस. तिच्या पिढीच्या कार्डांवर कितीतरी जणांची १ जानेवारी आहे, तिचीही आहे. स्नानसंस्काराचं (बाप्तिस्म्याचं) रजिस्टर हाच खरा पुरावा. तू पुण्याच्या बिशप हाउसला विचारणार होतास, पण तिचं गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. तो भाग पूर्वी पुणे धर्मप्रांतात (तिथल्या बिशपांच्या हद्दीत) होता, १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहे. आणि रजिस्टर ज्या त्या धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कचेरीतच असतं, तेव्हा अर्ज थेट गावच्या फादरांना कर. अर्जात तिचं नाव, आईबापांची नावं आणि अंदाजे साल दे. दोन वर्षं मागं, दोन वर्षं पुढं शोधायची विनंती कर. नोंद बहुधा लॅटिनमध्ये असेल. 'नाता' म्हणजे जन्मली, 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'पात्रिनी' म्हणजे धर्ममातापिता. आडनाव परदेशी फादरांनी कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, कधी आडनावाच्या जागी नुसतं बापाचं नाव. म्हणून आडनावानं शोधायला लागलात तर हमखास चुकेल, आईच्या नावावरून जुळवा.

त्याच ओळीशेजारी समासात शेरा असतो. दृढीकरण (स्नानानंतरचा श्रद्धा पक्की करायचा संस्कार) आणि लग्न कुठंही झालं तरी त्याची नोंद स्नानाच्या पानावर कळवून करायची पद्धत आहे. दाखला मागताना 'शेऱ्यांसकट' असं मुद्दाम लिही, नाहीतर नुसती जन्म-स्नानाची तारीख लिहून देतात.

राहिल्या घरच्यांना विचारायच्या गोष्टी. 'ती कशी होती?' असं विचारलंस तर सगळे 'देवमाणूस' म्हणून गप्प बसतील. त्याऐवजी विचार: मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी घरात काय शिजायचं, सुकट की नुसती डाळ? हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला कशानं जायचे, शिदोरीत काय असायचं? १९६४च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा आणि १९८६च्या फेब्रुवारीत जॉन पॉल दुसरे पुण्यात आले तेव्हा ती कुठं होती? महिन्याचे पहिले शुक्रवार मिस्सेला जाऊन, ख्रिस्तप्रसाद घेऊन ओळीनं नऊ पाळायचे असतात, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिचे कधी चुकले आणि का? बाळंतपणात चुकले असतील तर तेही लिही. तिचं कुणाशी पटत नव्हतं, हेही एका ओळीत येऊ दे. सुनेशी दहा वर्षं अबोला होता हे सगळ्या वाड्याला माहीत आहे. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्या दोघी पहिल्यांदा बोलल्या असं मावशी सांगते, ते तर पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं पान होईल.

वर्षाच्या मिस्सेची तारीख आत्ताच चर्चच्या कचेरीत लिहून ठेव. जानेवारीतले रविवार लवकर भरतात आणि एकाच मिस्सेत पाच-सहा नावं आली की तिचं नाव घाईत वाचलं जातं. आठवड्यातल्या दिवशी मिळाली तर उलट बरं.

गावाचा दाखला हाती आला की समासातली लग्नाची तारीख आधी मला कळव. तुझ्या तिसऱ्या पानावर १९४६ आहे आणि नवव्यावर १९४८.

तुझा,
मित्र