आई-बाबा, काळजी करू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईनं देव पाण्यात घातले असते, म्हणून लिहितेय. पेशंटना विमानानं दवाखान्यात पोचवणाऱ्यांत मी पायलट म्हणून नाव घातलंय. कागदपत्रं झाली, पहिली फेरी येत्या शनिवारी.

ही अॅम्ब्युलन्स नव्हे. ज्यांना बसता येतं, आपलं आपण चढता येतं, तेच येतात. इथे अमेरिकेत डकोटाच्या खेड्यांतून रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलला गाडीनं सात-आठ तास लागतात. केमो चालू असताना गर्दीत बसायची सोय नसते. आमच्या छोट्या सेस्ना १८२ विमानात चारच सीट. पेट्रोल माझं, माझ्या लायसन्सवर भाडं घेताच येत नाही, आणि मला घ्यायचंही नाही. खर्च झेपतो, खरंच.

आत्या खंडव्याहून रात्रीच्या बसनं इंदूरला यायची. उतरल्यावर तोंड धुऊन, टिकली नीट करून मगच एमवाय हॉस्पिटलला जायची. बाबा, तुम्ही तिची पिशवी घेऊन पुढे चालायचा, मागे वळून बघायचा नाहीत. तेव्हा आपल्याकडे स्कूटरशिवाय काही नव्हतं. आज माझ्या हातात हे आहे, मग गप्प कशी बसू?

निघण्याआधी प्रत्येकाचं वजन विचारायचं, पिशवीसुद्धा काट्यावर ठेवायची. हिशेब बसला नाही तर सामान उतरवायचं. हिवाळ्यात ढगांत पंखांवर बर्फ धरतं. तसा अंदाज असला तर मी निघणारच नाही. 'नाही' म्हणायचा हक्क पायलटचा, आणि पेशंटनंही दुसरी सोय बघून ठेवलेली असते. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळी-भाजी, अंगात जाड जॅकेट. अंधार पडायच्या आत घरी.

बाबा, बिजासनच्या टेकडीवर विमान दिसावं म्हणून तुम्ही मला खांद्यावर घ्यायचा, आणि आई शेव-परमलचा पुडा धरून "पडेल ती!" म्हणून ओरडायची. आई, तुझा तो आवाज अजून कानात असतो. म्हणून चेकलिस्ट दोनदा वाचते गं.

आता माझं ऐका. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. रात्री राजवाड्याकडे स्कूटर न्यायची नाही. रागावू नका, रस्ते पूर्वीसारखे राहिले नाहीत एवढंच. आई, गुडघ्यांचा व्यायाम रोज, पाहुणे आले तरी. शनिवारी जागत बसू नका, उतरले की मेसेज टाकते. आणि तपासणीला दादाच्या गाडीनं जा. रिपोर्टची सगळी पानं पाठवा, नुसतं पहिलं नको.

तुमची,
बेबी