दोष द्यु पिक यांचा नव्हे

महोदय,

लढाईतल्या माणसाच्या मनाविषयी लिहिणारे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच अधिकारी कर्नल आर्दां द्यु पिक यांच्यावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला आणि संताप आला. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली फ्रेंच पायदळ मशीनगनसमोर धावत गेले, त्याचे खापर तुमच्या लेखकाने १८७० सालीच गेलेल्या माणसाच्या माथी मारले आहे. काहीही करून चढाईच करायची, हा हट्ट त्या युद्धाआधीचे फ्रेंच अधिकारी कर्नल ग्रांमेझों आणि त्यांच्या मंडळींचा. त्यांनी द्यु पिक यांच्या पुस्तकातले मनोबल तेवढे उचलले आणि बाकीचे सोडून दिले. तुमच्या लेखकानेही नेमके तेच केले आहे.

द्यु पिक यांनी लिहिले ते भीतीविषयी. संगिनी भिडण्याआधीच एक बाजू पाठ फिरवते आणि कत्तल होते ती पळणाऱ्यांची, हे त्यांनी कॅनी आणि फार्सेलससारख्या प्राचीन लढाया तपासून मांडले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १८६८ साली त्यांनी फ्रेंच अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवली. गोळीबार सुरू झाल्यावर माणसे कुठे थांबली, नायकाने काय केले, फळी कधी विस्कटली, असे साधे प्रश्न होते. लढाईतला लहानसा खरा प्रसंग मला जगातल्या साऱ्या तिएर आणि जोमिनींपेक्षा (म्हणजे इतिहासकार आणि युद्धशास्त्राच्या पंडितांपेक्षा) जास्त शिकवतो, असे त्यांनी सोबत लिहिले होते. उत्तरे फार थोडी आली. लेखात यातले अक्षरही नाही!

त्यांचे एक म्हणणे मी नोकरीभर विसरलो नाही. एकमेकांना न ओळखणारे चार शूर सिंहावर चालून जाणार नाहीत. पण एकमेकांना नीट ओळखणारे, मदतीची खात्री असलेले चार कमी शूर बेधडक जातील. काश्मीरमध्ये एकदा वेगवेगळ्या कंपन्यांतून जमवलेले जवान घेऊन मी रस्ता मोकळा करायच्या ड्यूटीवर गेलो होतो. एकेक जवान कसलेला होता. वरच्या नाल्यातून फायर आला आणि जो तो मिळेल त्या दगडाआड आडवा झाला. कोणी कोणाला नावाने हाक मारेना, कारण नावेच माहीत नव्हती. डावीकडच्या जवानाला पुढे सरक म्हणून सांगायला मला रांगत त्याच्यापर्यंत जावे लागले. माझ्या स्वतःच्या प्लाटूनमध्ये नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर काम झाले असते. हे ज्याने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले, त्याला तुम्ही ‘टेबलावरचा पंडित’ म्हणता?

क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या हल्ल्यात द्यु पिक रशियनांच्या कैदेत पडले, सीरिया आणि अल्जीरियात लढले. ऑगस्ट १८७० मध्ये प्रशियाविरुद्धच्या युद्धात मेत्झजवळ, आपल्या दहाव्या रेजिमेंटसोबत असताना तोफगोळा लागून ते जखमी झाले आणि काही दिवसांतच गेले. त्यांचे मुख्य पुस्तक छापले गेले १८८० साली. त्याचा पुढे कोणी काय अर्थ लावला, हे सांगायला ते हयात नव्हते.

आणखी एक. लेखासोबत चित्र नेपोलियनचे का? नेपोलियन मे १८२१ मध्ये वारला, द्यु पिक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरिगो येथे जन्मले. छापण्याआधी एकदा कोणी पाहत नाही का?

या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. माझ्या मागच्या पत्रातला मुख्य परिच्छेदच आपण कापला होता. या वेळी जागा कमी पडली तर चित्राची तक्रार गाळा, काश्मीरचा परिच्छेद ठेवा.

– एक निवृत्त पायदळ अधिकारी, सातारा