चित्र छापावे, पण अख्खे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एकत्र कुटुंबावरील लेखासोबत यान स्टेन या डच चित्रकाराचे १६६८ मधील ‘आनंदी कुटुंब’ हे चित्र पाहून मनापासून आनंद झाला. मात्र जागेच्या अडचणीमुळे असेल, चित्राचा वरचा भाग कापला गेला आणि त्याबरोबर शेकोटीच्या फळीवरून लोंबणारा एक कागदही गेला. तो कागद गेला की चित्राचा अर्थच उलटा होतो. तसेच झाले आणि चित्राखाली ‘सुखी घराचा आदर्श’ अशी ओळ आली.

त्या कागदावर एक डच म्हण लिहिलेली आहे. ‘थोरले जसे गातील, तशी पोरे फुंकतील’ असा तिचा साधारण अर्थ होतो. डच भाषेत फुंकून वाजवायच्या नळीला आणि तंबाखूच्या नळीला शब्द एकच असल्याने स्टेनने त्यावर सुरेख श्लेष साधला आहे. बाप पेला उंचावून गळा काढतो आहे, आई आणि आजी त्याला साथ देत आहेत, आणि मुलांपैकी कोणी वाद्य फुंकते आहे, तर कोणी चक्क लांब नळीने तंबाखू ओढते आहे. आपली ‘खाण तशी माती’ येथे चटकन आठवते. पण ती रक्तातून येणाऱ्या गुणांविषयी बोलते, तर स्टेनची म्हण अनुकरणाविषयी. गौरीच्या जागरणात मोठ्यांचा पत्त्यांचा डाव रंगला असता पाठीशी बसून पाने मोजणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तरीही स्टेन दुरून बोट दाखवणारा उपदेशक नव्हता, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात याच म्हणीवरचे त्याचे दुसरे मोठे चित्र आहे. त्यात मुलाला तंबाखू ओढायला शिकवणाऱ्या, खदखदून हसणाऱ्या बापाला त्याने स्वतःचाच चेहरा दिला आहे. अव्यवस्थित घराला डच लोक आजही ‘यान स्टेनचे घर’ म्हणतात. त्याच्या वडिलांचा बिअर गाळण्याचा धंदा होता आणि १६७२ मध्ये त्याने स्वतः लायडनला मद्यालय उघडले, हे खरे; पण ज्याने शेकडो चित्रे काढली, त्याच्या हातात सदा पेलाच असे, हे मला पटत नाही.

ठाण्यातील एका शाळेत मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रात मुले माणसांची गर्दी काढत, पण ती सगळी माणसे हात खाली सोडून नुसती उभी असत. अशा वेळी मी त्यांच्यापुढे स्टेन ठेवत असे, कारण त्याच्या गर्दीत रिकामा हात शोधून सापडत नाही.

मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्याची मोठी, स्पष्ट प्रत हे संग्रहालय संकेतस्थळावर विनामूल्य देते. येत्या एखाद्या रविवारी ते चित्र न कापता पुन्हा छापावे आणि खाली त्या कागदावरील म्हण मराठीत द्यावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
नौपाडा, ठाणे