अळी कुठली ते बघा, मग फवारा

संपादक साहेब, नमस्कार.

ज्वारी-मक्यावर लष्करी अळी आल्याची बातमी पेपरात आली की दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गर्दी, ज्याच्या रानात अजून काहीच नाही तो पण बाटली घेऊन जातो. हे थांबायला पाहिजे म्हणून लिहितोय.

लष्करी अळी दोन प्रकारची आहे. एक आपली जुनी, मूळ गवतावरची, आणि ज्वारी मका बाजरी ही पण शेवटी गवताचीच जात त्यामुळं तिथं पण येते. दिवसा पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, नाहीतर ढेकळाखाली लपते, रात्री पानं खाते, कधी कधी नुसती मधली शीर शिल्लक ठेवते. दुसरी अमेरिकन, २०१८ ला कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात मक्यावर पण आली. तिच्या डोक्यावर उलटा वाय (Y) दिसतो आणि शेपटीकडं चार काळे ठिपके चौकोनात असतात, मोबाईलवर झूम केलं तरी कळतं. मोठी झाली की पोंग्यात खोल शिरते, वर तिच्याच विष्ठेचा भुसा साचतो, मग वरवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत जातच नाही, पैसे जातात आणि अळी तिथंच. तिचा पतंग पानावर शंभर-दोनशे अंडी एका पुंजक्यात घालतो, वर केसांचा थर असतो, तो पुंजका सापडला तर हातानं चिरडून टाका, ह्याच्याएवढा स्वस्त उपाय नाही!

आणि उगाच फवारलं तर ह्या अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामासारखे बारीक मित्रकीटक आधी मरतात, ते कुणाला दिसत पण नाहीत.

अजून एक, अळीच्या भीतीनं माळावरचं गवत पेटवू नका. पिकाला लागून बांधावरचं गवत काढा, ते बरोबरच आहे, पण नान्नजकडच्या माळरानावर चंडोल, तित्तिर अशी पाखरं पिल्लांना ह्याच अळ्या-किडे भरवतात आणि माळढोक पण किडे खातो. गवतावरची प्रत्येक अळी पिकाची वैरी नसते.

तर विनंती एवढीच की रब्बीची पेरणी सुरू व्हायच्या आत दोन्ही अळ्यांचे, अंड्यांच्या पुंजक्याचे आणि पतंगांचे मोठे फोटो पेपरात शेजारी शेजारी छापा, कलरमध्येच, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये ठिपके कळत नाहीत.

एक शेतकरी वाचक, उत्तर सोलापूर