एलिफंट माउंटनहून आल्यावर

ग्वाल्हेर, १८ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट तसंच कपाटावर टाकू नकोस. मंजूच्या लग्नात तू भरल्या ताटावरून उठलास आणि मी तुला अडवलं नाही. चूक माझी होती. श्रीखंड आंबट होतं म्हणून कुणी चाळीस वर्षांची मैत्री मोडत नाही, हे तेव्हाही दोघांना कळत होतं. मूळ गोष्ट दुसरीच होती आणि तीच आज लिहायला बसलोय.

तब्येत बरी. साखर ताब्यात आहे, सुमनच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं माघात. झालं.

सप्टेंबरअखेर आम्ही चिऊकडे बॉस्टनला गेलो होतो. जावयाच्या मनात आलं की बाबांची उभी हयात विमानांखाली गेली, त्यांना एक जागा दाखवू. पाच तास गाडी हाकत तो आम्हाला मेन राज्यात ग्रीनव्हिल नावाच्या गावाला घेऊन गेला. मूसहेड म्हणून भलंमोठं तळं आहे, त्याच्या काठी. वाटेत जागोजाग मूसपासून सावध राहा अशा पाट्या. मूस म्हणजे आपल्या नीलगाईचा थोरला भाऊ समज, फक्त शिंगांच्या जागी दोन सुपं. गावापुढे लाकूडवाल्या ट्रकांचा कच्चा रस्ता, मग दहा मिनिटांची पायवाट. डोंगराचं नाव एलिफंट माउंटन.

बंड्या, त्या जंगलात एक अमेरिकन बी-५२ बॉम्बर पडलेलं आहे. १९६३ सालापासून. नेलेलं नाही, विकलेलं नाही, भंगारात घातलेलं नाही. जिथे पडलं तिथेच ठेवलंय. भूर्ज आणि स्प्रूसच्या झाडांमधून चालताना आधी एक तुकडा दिसतो, मग दहा, मग जिकडे बघावं तिकडे. चाकांचे सांगाडे, पंखाचा भाग, वायरिंगचे गुंते, त्यांच्यातून वर आलेली रोपटी. मधोमध काळ्या दगडाची पाटी, तिच्यावर नावं. लोक येतात, टोप्या काढतात, हळू बोलतात. चिऊने आधीच बजावलं होतं, बाबा, इथलं काही उचलायचं नाही. मी कशाला उचलतो!

मी एका पत्र्याशी बसलो आणि रिव्हेटांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. का, ते तुला सांगायला नको. ढिल्या रिव्हेटभोवती काळी कड धरते, ती डोळ्याआधी अंगठ्याला कळते, हे एअरफोर्सच्या ट्रेनिंगला तांबरमला तूच मला शिकवलंस आणि वर एक चहा वसूल केलास. साठ वर्षं पाऊस आणि बर्फ खाऊन त्या ओळीतली एकही हलत नव्हती. कुणीतरी मन लावून काम केलं होतं. मला तिथून उठवेना. सुमनला वाटलं गुडघा धरला.

हकीकत अशी. २४ जानेवारी १९६३. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टओव्हर तळावरून हे बी-५२ सी उडालं, आत नऊ माणसं. रशियन रडारच्या खालून शिरायचं म्हणून जमीन धरून उडायचा सराव चालू होता. आता हे आठ इंजिनांचं, १८५ फूट पंखांचं धूड मुळात उंचावरून जायला बांधलेलं. त्याला पाचशे फुटांवर, हिवाळ्याच्या वाऱ्यात, डोंगरांमधून काढायचं! डोंगरावरून उलटलेल्या वाऱ्याने विमान घुसळून निघालं. पायलटने वर काढायला घेतलं आणि धाडकन आवाज झाला. शेपटीवरचा अख्खा उभा फिन तुटून गेला.

खालच्या मजल्यावरच्या खुर्च्या खालच्या बाजूला उडतात, हे तुला माहीत आहे. तेवढ्या उंचीवर त्यांचा काय उपयोग? जादा माणसांना तर खुर्च्याच नव्हत्या. तिघे बाहेर पडले. त्यांतला सहवैमानिक झाडावर आपटून गेला. पायलट डॅन बुली झाडात अडकला, घोटा मोडला. नॅव्हिगेटर जेराल्ड ॲडलरचं पॅराशूट उघडलंच नाही. खुर्चीसकट पाच फूट बर्फात पडला आणि जगला. उणे तीसच्या आसपासच्या थंडीत दोघांनी रात्र काढली. ग्रीनव्हिलहून बर्फ सारत दहा मैल रस्ता मोकळा करावा लागला, तेव्हा लोक पोचले. ॲडलरचा पाय पुढे कापावा लागला. बाकीचे सात त्या दगडावर आहेत.

आणि ऐक. सहाच दिवसांनी न्यू मेक्सिकोत दुसरं बी-५२ तसंच फिन तुटून पडलं. पुढच्या जानेवारीत बोइंगचं चाचणीचं विमान फिन जाऊनसुद्धा उतरवलं, ते शेपटीविना उडतानाचं छायाचित्र आपण हँगरच्या कपाटाला चिकटवलं होतं, आठवतं? तुझ्या मते ते बनावट होतं. खरं होतं रे. त्यानंतर तीनच दिवसांनी मेरीलँडमध्ये आणखी एक पडलं, तेही फिन जाऊनच. म्हणजे दोष रचनेत होता, वाऱ्यात होता, खाली उडवायच्या हुकमात होता. सही करणाऱ्याच्या हातात नव्हता.

मी त्या दगडापाशी उभा राहून हेच घोकत होतो. वेस्टओव्हरला त्या दिवशी विमान तपासल्याच्या आपल्या एफ-७०० फॉर्मसारखं काहीतरी कुणीतरी भरलं असेल, सही करून, हात पुसून, कँटीनकडे गेला असेल. त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही. संध्याकाळी विमान आलं नाही तेव्हा त्याने आधी आपले हात आठवले असतील. पण त्याला एक उत्तर मिळालं. फिन का तुटला ते लोकांनी शोधून काढलं. तो म्हातारा झाला असेल तर निदान झोपला असेल.

आपलं विमान पडलं तेव्हा तसं झालं नाही.

चौकशीच्या कोर्टात ढग म्हणाले, टेकडी म्हणाले, आणि ते खरंच असेल. पुढचा भाग खाली आणला, इंजिन आणलं. शेपूट मात्र वर बांबूच्या रानात राहिली. आणायला रस्ता नाही म्हणाले. मग पावसाळा लागला. रडरची ती हिंज कुणी बघितलीच नाही, बंड्या. कुणीच नाही.

आता लिहितो. आदल्या संध्याकाळी ते हिंजचे बोल्ट तू बसवलेस, स्प्लिट पिना तू घातल्यास. दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासायचं म्हणून सही माझी. मी शिडीवर चढलो नाही. वारा सुटला होता, अंधारून आलं होतं, बस सुटायची होती. मी खालून बॅटरी मारली, चार पिना चमकलेल्या दिसल्या असं मला वाटलं आणि सही केली. पिना तू घातल्या होत्यास, एवढंच मला पुरलं. तुझ्या हातावर माझा इतका भरवसा होता हे खरं, पण सही भरवशाची नसते. दुसरा माणूस ठेवतात तो पहिल्यावर भरवसा ठेवू नये म्हणूनच ठेवतात. मी पुढे वीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. पुढ्यात बसलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं की सर स्वतः काय करून बसलेत.

सुमनला सांगितलं नाही. चौकशीत विचारलं, चेक केलं? मी म्हणालो, येस सर. तुलाही तेच विचारलं आणि तू म्हणालास, यानेच केलं.

लग्नात कुणीतरी जुन्या एअरफोर्स स्टेशनचा विषय काढला आणि तू ताटाकडे बघत म्हणालास, “विन्याची सही म्हणजे ब्रह्मवाक्य.” सगळे हसले. तू हसला नाहीस. मला त्याचा राग आला, मी श्रीखंडावरून तुला काहीबाही बोललो आणि तू उठलास. त्या दिवसापासून मी ते वाक्य उलटसुलट करून बघतोय. कौतुक होतं की दुसरं काही?

२८ जानेवारी २०२३ ला सकाळी मी गच्चीवर तुळशीला पाणी घालत होतो. महाराजपुऱ्याहून विमानं उडतात त्याची इथे कुणी मान वर करून दखल घेत नाही. दुपारी टीव्हीवर बघतो तर इथूनच उडालेली सुखोई आणि मिराज, दोन्ही गेलेली. मिराज आपल्या मुरैन्याच्या पहाडगढच्या जंगलात. सुखोईचे दोघे उतरले, मिराजचा वैमानिक गेला. रात्री मी तुला फोन लावला होता. दोन रिंगा झाल्यावर कट केला. तो नंबर माझा होता.

मंजूला दुसरी मुलगी झाल्याचं बाड्यावर तुझा मामेभाऊ भेटला तेव्हा कळलं. अभिनंदन. नाशिकचं घर वरती बांधलंस म्हणे, छान केलंस. वहिनींच्या पाठीला आता आराम आहे ना? थंडी सुरू झाली की गजक पाठवतो, तिळाची, गुळाची. साखरेची तुला चालत नाही हे लक्षात आहे.

एलिफंट माउंटनहून निघताना एक म्हातारा आला होता, हातात छोटा झेंडा. दगडाशी खोचला, पालापाचोळा हाताने बाजूला केला आणि काही न बोलता निघून गेला. कोण होता विचारायची माझी छाती झाली नाही. चिऊ म्हणाली, असेल कुणी गावातला. मला गाडीत बसेपर्यंत वाटत होतं की मागे जावं आणि त्याच्या हाताकडे एकदा नीट बघावं.

आपल्या दोघांसाठी कुणी दगड लावला नाही. म्हणजे त्या दोन पोरांसाठी म्हणतोय. धाकट्याचं वय सव्वीस होतं.

मला तुझी माफी नको. कोर्ट चुकलं असंही तुझ्याकडून ऐकायचं नाही. मला एकच विचारायचंय आणि त्याचं उत्तर फोनवर नको, कागदावर लिहून पाठव. त्या संध्याकाळी शिडी तू आणून टेलला लावलीस आणि खाली धरून उभा राहिलास. मी शिडीला हात न लावता बॅटरी विझवली आणि फॉर्म मागितला. तू फॉर्म दिलास. तेव्हा तुला दिसलं होतं का?

तुझा,
विन्या