मार्चची पुस्तकखरेदी जूनमध्ये आणा: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

विषय: प्राथमिक शाळांसाठी गोष्टीच्या पुस्तकांची निवड शाळा उघडण्याच्या सुमारास, पुस्तकांच्या दुकानात बसून, शिक्षकांनीच करावी याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. केंद्र पुरस्कृत समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेला त्यासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. रक्कम लहान वाटते, पण आपल्या अनेक सरकारी प्राथमिक शाळांचा पटही लहानच आहे. एका चित्रपुस्तकाची किंमत सरासरी 70 रुपये धरली, तर 5,000 रुपयांत 70 पुस्तके येतात. वीस मुलांच्या शाळेत दर वर्षी मुलामागे तीन नवी पुस्तके, आणि पाच वर्षांत साडेतीनशे. इतकी चांगली पुस्तके असलेले कपाट एकशिक्षकी शाळेतही मुलांना वाचते करू शकते. म्हणून या पत्रात आम्ही जास्त पैसे मागत नाही. आहेत ते पैसे कधी, कुठे आणि कोणाच्या हातून खर्च व्हावेत, एवढेच मागतो.

आज बहुतेक खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. निधीचे हप्ते उशिरा येतात आणि 31 मार्चपूर्वी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, द्यायचे असते. मुख्याध्यापकांच्या हाती आठवडाभराचा वेळ उरतो, मग पुरवठादाराच्या यादीतला ‘संच’ घेतला जातो. संचात काय निघते ते शाळांच्या कपाटांत पाहायला मिळते: थोर पुरुषांची बारीक टायपातली चरित्रे, सामान्यज्ञानाची पुस्तके, निबंधमाला, एकाच मजकुराच्या तीन वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या आवृत्त्या. पहिली-दुसरीच्या मुलाला वाचता येईल असे त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही पुस्तके मार्चअखेर येतात, नोंदवहीत चढतात, कपाटाला कुलूप लागते आणि सुट्टी सुरू होते. जूनमध्ये कपाट उघडते तेव्हा पावसाची दमट हवा आत शिरते, कागदाला वास येतो आणि कसर लागते.

यादी पाहून मुलांची पुस्तके घेता येत नाहीत. शीर्षक, लेखक, पाने आणि किंमत एवढ्यावरून जे कळत नाही, ते हातात घेतल्यावर मिनिटभरात कळते. पहिलीसाठी टाइप निदान 20 पॉइंटचा हवा. दोन शब्दांमध्ये आणि दोन ओळींमध्ये मोकळी जागा हवी, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नसावा. जोडाक्षरे ठसठशीत छापलेली आहेत की काना-मात्रा एकमेकांवर चढल्या आहेत, ते डोळ्यांनीच पाहावे लागते. चित्र आणि त्याखालचा मजकूर एकाच पानावर आहेत ना? मजकूर सांगतो ते चित्र आधीच सांगून टाकत नाही ना, की चित्रात काही वेगळे आहे आणि ते मूल स्वतः शोधू शकते? एका पानावर दोन ओळी असलेले पुस्तक आणि आठ ओळी असलेले पुस्तक यांच्यावर किती तरी वेळा ‘वयोगट 6 ते 8’ असे एकच लेबल असते.

बांधणीचा मुद्दा गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. सोळा-चोवीस पानांच्या पुस्तकाला मधोमध तारेच्या दोन पिना असतात. आपल्या हवेत त्या दोन पावसाळ्यांत गंजतात, आणि गंजलेल्या पिनेभोवतीचा कागद कुजून मधली पाने सुटतात. अशी पुस्तके घेऊ नयेत असे नाही, स्वस्त आणि उत्तम चित्रपुस्तके याच बांधणीत मिळतात. पण आल्याबरोबर पिना काढून मधोमध जाड दोऱ्याचे तीन टाके घालावेत. एका पुस्तकाला पाच मिनिटे लागतात. नुसत्या गोंदाने चिकटवलेली जाड पुस्तके दुकानातच पूर्ण उलगडून पाहावीत. कण्याशी ‘कट्’ असा आवाज झाला की ते पुस्तक दहा मुलांच्या हातांत टिकणार नाही. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या मात्र लहान मुलांच्या शाळेत नकोत, त्या मुलांच्या तोंडात जातात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि उघडीप मिळेल त्या दिवशी पुस्तके उभी, उघडी करून वारा द्यावा, एवढे पुरते.

भाषेचा विचारही शिक्षकच करू शकतात. मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेले मूल घरी बहुधा कोकणी बोलते. वास्को किंवा मडगावच्या वस्त्यांमध्ये त्याच वर्गात कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलेही असतात. पुण्या-मुंबईच्या घरांतले संवाद असलेली गोष्ट या मुलांना वाचून दाखवावी लागते, आधी कोकणीतून सांगावी लागते, मग ती वाचतात. तेवढा वेळ कोणत्या पुस्तकाला देण्यासारखा आहे हे वर्गशिक्षिकेला ठाऊक असते. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असल्याने एकाच फळीवर दोन्ही भाषांची पुस्तके ठेवणे हा गोव्याच्या शाळांचा मोठा फायदा आहे, आणि ‘मराठी शाळेला मराठीच पुस्तके’ असा अर्थ लावून तो घालवू नये. छापील कोकणी बालपुस्तके कमी पडतात तिथे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या 2015 पासूनच्या, मुक्त परवान्याच्या (कोणालाही विनामूल्य वापरता येणाऱ्या) ऑनलाइन संग्रहातून गोष्टी उतरवून छापता येतात.

आमची सूचना अशी. शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात, किंवा फार तर जूनच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, प्रत्येक तालुक्यातल्या शिक्षकांसाठी पुस्तकांच्या दुकानात निवडीची एक सकाळ ठेवावी. 2025 पासून वरच्या इयत्तांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले आहे. त्यांची निवड वेगळी, मार्चच्या मध्यावर घ्यावी. दोन्ही एकत्र केल्या तर प्राथमिकचा वेळ जातो.

एका वेळी तीसहून जास्त शिक्षक नकोत. दुकानदाराला महिनाभर आधी कळवावे, म्हणजे तो प्रकाशकांकडून परतीच्या बोलीवर पुस्तके मागवू शकेल. साधारण दीडशे शीर्षके, प्रत्येकी दोन प्रती पुरतात. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य, तूलिका आणि गोव्यातले प्रकाशक यांची पुस्तके एकत्र मांडावीत, पण प्रकाशकवार नकोत. चार टेबले करावीत: बिनशब्दांची आणि पानाला एक ओळ असलेली, पानाला दोन ते चार ओळींची, परिच्छेद असलेली, आणि चौथ्यावर माहितीची. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडणी हवी. कणे दाखवून लावलेल्या रांगेतून चित्रपुस्तक कोणी उचलत नाही.

सकाळी साडेनऊ ते एक एवढा वेळ असावा, आणि त्यातले एकही मिनिट दीपप्रज्वलन, स्वागत व भाषणांना जाऊ नये. पहिला पाऊण तास प्रत्येकाने शांतपणे दहा पुस्तके अथपासून इतिपर्यंत वाचायची. सोळा पानी पुस्तकाला चार मिनिटे लागतात, त्यामुळे हे सहज होते. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत नेमके हेच वगळले जाते: शिक्षक मुलांची पुस्तके वाचत नाहीत, त्यांच्याविषयी ऐकतात. मग एकाने दोन पुस्तके मोठ्याने वाचून दाखवावीत. पुस्तक बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीवर कसे धरायचे, पान उलटण्याआधी कुठे थांबायचे, प्रश्न किती कमी विचारायचे, हे पाहून समजते. त्यानंतर जोड्या करून प्रत्येकाने एकेक पुस्तक वाचून पाहावे. जे वाचताना जीभ अडखळते ते वर्गातही अडखळणार.

शेवटच्या तासात निवडपत्र भरायचे. 5,000 पैकी 3,000 पहिली-दुसरीसाठी आणि 1,500 तिसरी-चौथीसाठी वापरावेत, उरलेले 500 राखून ठेवावेत. चतुर्थीच्या सुट्टीत मुलांना दोन-दोन पुस्तके घरी नेऊ द्यावीत. परत येताना जी सर्वांत जास्त मळलेली आणि फाटलेली असतील, त्यांच्या दुसऱ्या प्रती या 500 रुपयांतून घ्याव्यात. मुलांना काय आवडले याचा याहून खरा अहवाल कुठल्याही नमुन्यात भरून मिळत नाही.

हा दिवस शिक्षकांच्या कामाचा धरला जावा. सुट्टीत आला तर बदली रजा मिळावी, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला जे 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले आहे, त्यात हे तास मोजले जावेत. एससीईआरटीने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) एवढे परिपत्रक काढले तरी उपस्थितीचा प्रश्न सुटेल.

आता पैशांचे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिल साधे असते. अडचण सवलतीच्या अटीत आहे. प्रकाशक दुकानदाराला साधारण 25 ते 40 टक्के सूट देतात, त्यातच त्याचे भाडे, वाहतूक आणि न खपलेल्या मालाची परत पाठवणी बसते. आपली खरेदी ‘कमीत कमी दर’ मागते तेव्हा 35 टक्के सूट तोच देऊ शकतो, ज्याने किंमतच मुळात वाढवून छापली आहे. चांगल्या चित्रपुस्तकाचा प्रकाशक तिथेच बाद होतो. म्हणून सर्वांसाठी सरसकट 10 टक्के सवलत ठरवावी आणि दरांची स्पर्धा या रकमेपुरती बंद करावी. दुसरी अडचण बिलाची. सहा-सहा महिने पैसे अडकले तर छोटा दुकानदार पुढच्या वर्षी बोलावूनही येणार नाही. केंद्राचा हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरून राज्याने आगाऊ निधी ठेवावा, पुस्तके मिळाल्यापासून 30 दिवसांत बिल चुकवावे आणि हप्ता आल्यावर तो निधी भरून काढावा. हे जमले नाही तर बाकीची सगळी योजना पुन्हा मार्चवर जाऊन थांबेल.

दुकाने मुख्यतः पणजी, म्हापसा, मडगाव, फोंड्यात आहेत. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोड्याच्या शिक्षकांना तिकडे बोलावण्यापेक्षा दुकानदारालाच टेबलांसह सत्तरीतल्या वाळपईला, काणकोणातल्या चावडीला बोलावणे स्वस्त पडते. निवडलेली पुस्तके शाळेत पोचवायला टपाल खात्याची 1 मे 2025 पासूनची ज्ञान पोस्ट आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. 75 ग्रॅमची साठ चित्रपुस्तके एका पार्सलात बसतात. जाहिरातींना ही सेवा नाही, तेव्हा दुकानाची सूचिपत्रे आत घालू नयेत.

एक गोष्ट आपल्या सहीशिवाय होणार नाही. पुस्तक हरवले किंवा फाटले तर पगारातून वसुली होईल, या भीतीने शिक्षक कपाटाला कुलूप लावतात. त्यांना दोष देता येत नाही; लेखापरीक्षणात प्रश्न त्यांनाच विचारले जातात. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे स्वाभाविक मानले आहे, त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. चौकशी सक्तीची आहे ती हजार रुपयांहून महाग ग्रंथांची, आणि दुर्मीळ ग्रंथांची, मग त्यांची किंमत काहीही असो. पण हा नियम मोठ्या ग्रंथालयांसाठी ठीक आहे. वर्षाला तीनशे वेळा पुस्तक देणाऱ्या शाळेला त्याने दीड पुस्तकाची मुभा मिळते. सहा वर्षांच्या मुलांच्या हाती जाणारी 100 रुपयांखालची पुस्तके तीन वर्षांनी झिजलेली धरून मुख्याध्यापकांना नोंदवहीतून कमी करता यावीत, वर्षाला दहा टक्क्यांपर्यंतची गहाळ पुस्तके माफ व्हावीत, असा स्वतंत्र आदेश वित्त खात्याच्या संमतीने काढावा. त्याची प्रत प्रत्येक शाळेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल एवढी, एका पानाची असावी.

बाराही तालुक्यांत एकदम सुरुवात करणे अवघड वाटत असेल तर यंदा तिसवाडी, सत्तरी आणि काणकोण हे तीन तालुके घ्यावेत. त्यासाठी भागशिक्षणाधिकाऱ्यांना एप्रिलअखेर पत्र जायला हवे, कारण दुकानदाराला महिनाभर आधी सांगावे लागते. पुस्तकांची प्राथमिक यादी करणे, टेबले मांडणे आणि वाचून दाखवणे यांसाठी आम्ही विनामोबदला येऊ.

आपले,
शालेय वाचनाच्या कामात असलेले गोव्यातील काही शिक्षक, ग्रंथपाल आणि पुस्तकविक्रेते