गाणं कुणाचं, ते आधी लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत सिनेमा आणि सिरीजवर दर आठवड्याला भरभरून छापून येतं, पण एखाद्या नवख्याचं आधीच तयार असलेलं गाणं कुठल्यातरी सीनमागे जाऊन बसतं ते नेमकं कसं, यावर मी आजवर काही वाचलेलं नाही. गाणी लिहिणारी तरुण मुलंमुली मला सारखी हेच विचारतात म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त हक्कांचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आधी माझं सांगते. आमचं तिघांचं एक गाणं होतं. शब्द माझे, चाल एका मित्राची, आणि गिटार वाजवणाऱ्याने मधे एक तुकडा टाकला होता, पुढे तोच तुकडा त्या गाण्याची ओळख झाला. एके दिवशी एका सिरीजसाठी गाणी निवडणाऱ्या बाईंचा मेल आला, दोन ओळींचा. गाणं आवडलंय, इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे गायकाच्या आवाजाशिवाय नुसतं संगीत, आहे का आणि सगळे हक्क तुमच्याकडेच आहेत का, उद्या सकाळपर्यंत कळवा. इन्स्ट्रुमेंटल आम्ही काढलंच नव्हतं, रेकॉर्डिंगचं सेशन ज्या हार्ड डिस्कवर होतं ती उघडेना, हातात काय तर एक एमपीथ्री. आणि गिटारवाल्याचा वाटा किती यावर आम्ही तिघं कधी बोललोच नव्हतो, तो प्रवासात, फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं एकदाचे बोललो तोवर त्यांनी दुसरं गाणं घेऊन टाकलं होतं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, एडिट लॉक व्हायला, म्हणजे कापणं-जोडणं संपून पक्कं व्हायला आलेलं असताना ज्या गाण्याचा मालक कोण हेच ठरलेलं नाही ते कोण घेईल.

तर मुद्दा हा की एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून एक, आणि त्याचं जे रेकॉर्डिंग झालंय, म्हणजे मास्टर, ती दुसरी. पडद्यावर वापरायचं तर दोन्हींची परवानगी लागते, पहिलीला सिंक लायसन्स म्हणतात, दुसरीला मास्टर लायसन्स. दोन्ही एकाच माणसाकडून एका मेलवर मिळत असतील तर त्याला वन-स्टॉप म्हणतात आणि नवख्याकडे मोठ्या नावांपुढे टिकायला हीच एक खरी ताकद आहे, कारण मोठ्या गाण्याला शब्द-चालीचे हक्क सांभाळणारे चार पब्लिशर आणि रेकॉर्डिंगची मालक कंपनी, म्हणजे एक लेबल असतं आणि त्यातला एकजण जरी नाही म्हणाला तरी ते गाणं गेलं. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा सॅम्पल म्हणून विनापरवाना घातला असेल, दोन सेकंदांचा का असेना, तर ते गाणं पाठवूच नका.

म्हणून ज्या दिवशी गाणं पूर्ण होतं त्याच दिवशी, स्टुडिओतून बाहेर पडायच्या आधी, कुणाचा किती टक्के वाटा ते एका कागदावर लिहायचं आणि सगळ्यांनी सह्या करायच्या. स्प्लिट शीट म्हणतात त्याला. मित्रांमध्ये पैशाचं काय बोलायचं असं वाटतं हे मला माहितीये, मलाही तेच वाटलं होतं, पण गाणं विकलं जायच्या आधी हे बोलणं दहा मिनिटांत होतं आणि नंतर त्यावरून दोस्त्या तुटतात.

पैसे कसे येतात त्यावरही फार गोंधळ असतो. सिंकची फी एकदाच मिळते. पण पुढे कार्यक्रम टीव्हीवर जितक्यांदा लागतो तितक्यांदा शब्द आणि चालीची रॉयल्टी जमत जाते आणि ती तुमच्या सोसायटीमार्फत, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत येते. या सोसायट्यांचा इतिहास मला फार आवडतो. 1847 मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत गीतकार अर्नेस्ट बुर्जे आणि त्याच्या साथीदारांनी बिल द्यायला नकार दिला, तुम्ही आमचं संगीत फुकट वाजवता मग आम्हीही तुमचं फुकट पिणार, प्रकरण कोर्टात गेलं, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यातूनच 1851 मध्ये फ्रान्सची सासेम ही सोसायटी उभी राहिली. अमेरिकेत अॅस्कॅप 1914 ची, आपल्याकडे आयपीआरएस 1969 ची. नुसतं मेंबर होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं वाट्यांसकट नोंदवावं लागतं. निर्माते कार्यक्रमातल्या संगीताची यादी, म्हणजे क्यू शीट भरतात, त्यात कुठलं गाणं किती सेकंद वाजलं, कुणी लिहिलं, सगळं येतं, आणि तिथे तुमचं नाव नसेल किंवा स्पेलिंग चुकलं असेल तर पैसे अडकून पडतात. क्यू शीटची कॉपी मागायला लाजू नका.

आता लिहिण्याबद्दल. पडद्यावर मुलगी सामान बांधून निघालेली दिसत असताना गाण्यातही ती सामान बांधून निघाली असेल तर दोन्ही वाया जातं, चित्र जे दाखवतंय ते गाण्याने सांगू नये, तिच्या मनात काय चाललंय ते सांगावं. माणसांची आणि गावांची नावं, तारखा टाळलेल्या बऱ्या, नाहीतर ते गाणं एकाच गोष्टीत बसतं. संवादाखाली शब्द असले की कान दोघांत अडकतो, म्हणूनच इन्स्ट्रुमेंटल मागतात, आणि शेवट हळूहळू विरत नेण्यापेक्षा नीट थांबलेला असेल तर एडिटरला कापायला सोपं जातं. फाइल वेव्ह (WAV), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि मेलला जोडू नका, लिंक द्या. फाइलमध्येच नाव, फोन, मेल आणि वाटे भरलेले असू द्या, म्हणजे वर्षभराने कुणी ती उघडली तरी तुम्ही सापडाल.

म्युझिक लायब्ररीचा, म्हणजे गाणी जमवून ती सिनेमा-सिरीजना वापरायला देणाऱ्या कंपनीचा करार हाती आला तर एक्सक्लुझिव्ह आहे का, म्हणजे गाणं फक्त त्यांच्याकडूनच देता येणार का, किती वर्षांसाठी, आणि गाणं परत मिळायची सोय आहे का एवढं वाचल्याशिवाय सही नको. सगळे हक्क कायमचे द्या असं लिहिलेलं असेल तर वकिलाला दाखवा.

संपादक महोदय, या विषयावर एखादी लेखमाला कराल का, वकील, एडिटर, गाणी निवडणारी माणसं यांच्याकडून लिहून घेऊन? मुलांकडे गाणी चांगली आहेत, कागद नाहीयेत.

आमची ती हार्ड डिस्क पुढे दुरुस्त झाली. इन्स्ट्रुमेंटल काढून ठेवलंय, आणि तिघांच्या सह्यांचा कागद स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाकलाय.

आपली,
एक गीतकार वाचक